यंत्राचा नाद आणि घाटाची कसोटी
(पन्हाळा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या संमेलनास येताना आपणांपैकी बहुतेकांनी कोल्हापुराहून सुमारे 20 किलोमीटरांची वाट मोटारीने आक्रमिली असेल. अखेरच्या चढणीवर काही तरुणांच्या जीपगाड्याही आपल्या दृष्टीस पडल्या असतील. चाके मूळच्याहून मोठी, सांगाडा उंच केलेला आणि सायलेन्सरचा आवाज साऱ्या घाटात घुमणारा. ‘हा कसला नाद?’ असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्याचे उत्तर देण्याचा आम्ही यथामति प्रयत्न करणार आहोत.

आमच्या मते नाद वाईट नव्हे. तो माणसास कोठे नेतो, हे पाहावयाचे असते. छत्रपति राजाराम महाराजांची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात निघते, तेव्हा तिला पाहण्यास किती गर्दी लोटते हे आपण जाणताच. परंतु याच जिल्ह्यात स्वतःच्या हातांनी मोटार घडविणारा एक पुरुष होऊन गेला, त्याचे नाव आपल्या किती मुलांस ठाऊक आहे? इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 मध्ये दोन माणसांची छोटी मोटार तयार केली आणि पुढे दोन तपांहून अधिक काळ ते नवनवे नमुने बनवीत राहिले. पोलादी कमानींऐवजी त्यांनी रबराचा उपयोग केला. ‘मीरा’ नावाची ही गाडी सुमारे 12,000 रुपयांत सामान्य कुटुंबास मिळावी, असा त्यांचा हिशेब होता. दुर्दैवाने तिचा कारखाना कधीच उभा राहिला नाही.

अलीकडचे उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आहे. देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जुळवून, किक मारून सुरू होणारी चारचाकी घडविली. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपति आनंद महिंद्र यांनी तिची वाखाणणी केली व जानेवारी 2022 मध्ये तिच्या बदल्यात लोहार यांस नवी बोलेरो मिळाली. मात्र ती गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्र यांनी त्याच वेळी सांगितले होते.

नियमांस एवढे महत्त्व का, हे घाटच शिकवितो. मोठे चाक बसविले की वेगदर्शक काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो आणि ब्रेकवरील भार वाढतो. सांगाडा उंच केला की गुरुत्वमध्य वर सरकतो व वळणावर गाडी कलंडण्याचा संभव वाढतो. ट्रकच्या कमानीत जादा पाटे घातले की तो अधिक माल पेलतो, पण ब्रेक पूर्वीचेच राहतात. उतारावर ते सतत दाबले की तापून निकामी होतात. म्हणूनच जाणता चालक खालच्या गिअरमध्ये उतरतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने मूळ बनावटीत असे फेरफार करण्यास मनाई केली असून, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तीच गोष्ट स्पष्ट केली आहे.

तेव्हा तरुणांस आमचे सांगणे एवढेच की, आवाज वाढविण्यात विद्या नाही. ब्रेक का तापतो हे समजून घेण्यात आहे. आणि वडीलधाऱ्यांसही एक विनंती आहे. मुलगा कचेरीत आहे हे विवाहाच्या बैठकीत आपण मोठ्याने सांगतो; तो गॅरेजमध्ये आहे हे सांगताना मात्र आपला आवाज खाली येतो. ज्या समाजात हाताला लागलेल्या काळ्या तेलाची लाज वाटते, तेथे शंकरराव कुलकर्णी निपजले तरी एकटेच राहतात. आपले मंडळ गुणपत्रिका पाहून शिष्यवृत्ती देते, ते योग्यच आहे. त्यांपैकी एक तरी यंदापासून यंत्रकाम शिकणाऱ्या मुलास अथवा मुलीस द्यावी, आणि ती याच व्यासपीठावर, सर्वांसमक्ष द्यावी, अशी आमची सूचना आहे.