पायातच मुरले पैसे

आज आमचा गट बोलणार आहे तो गावातल्या अर्धवट उपकेंद्राबद्दल. भिंती उभ्या आहेत, स्लॅब झालाय, पण नळ नाही, वीज नाही. आत सध्या कुणाचा तरी कडबा आहे.

पैसे कुठं गेले, असं विचारलं की गावात एकच उत्तर, ‘खाल्ले!’ आम्हीही तेच म्हणायचो. मग दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक मागितलं. कागद आल्यावर आमच्यातल्या बारावी झालेल्या सुनेनं ते ओळ न् ओळ वाचून दाखवले.

निम्मं कोडं पायात होतं. अंदाजपत्रक करताना चाचणी खड्डा घेतलाच नव्हता. मुरमाड जमिनीवरचा नकाशा उचलून इथं लावला. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे कळायला आपल्याला इंजिनिअर लागत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदलं, तेव्हा पाया ठरल्याच्या दुप्पट खोल गेला. स्टील वाढलं, सिमेंट वाढलं, वरच्या कामाचे पैसे जमिनीखालीच संपले.

त्यात उशीर. सरकारी कामांवरचा जीएसटी जुलै 2022 मध्ये 12 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, तो अंदाजात नव्हता. मध्येच बाळंतपणाची खोली मोठी करायचं ठरलं. वाढीव खर्चाला सुधारित मान्यता लागते. तिची फाइल तालुक्याहून जिल्ह्याला फिरते, आणि ती फिरतेय तोवर दर आणखी चढतात. ठेकेदारानं मिक्सर उचलला.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. आयर्लंडमध्ये डब्लिनला मुलांच्या रुग्णालयासाठी 2017 मध्ये सुमारे 98 कोटी युरो मंजूर झाले होते. 2024 मध्ये ती रक्कम 224 कोटींवर गेली. तिथंही आराखडा पुरता तयार व्हायच्या आधीच काम दिलं होतं. एवढ्या श्रीमंत देशात!

भोगतं कोण? सपाट भागात पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र धरतात, म्हणजे आसपासच्या वाड्याही आल्या. नर्सबाई शाळेच्या व्हरांड्यात बसून बीपी बघतात. पोट तपासायला आडोसा नाही, म्हणून बाया ती तपासणी टाळतात. गेल्या श्रावणात आमच्या एका सभासदाच्या लेकीचं बाळंतपण तालुक्याच्या वाटेवर जीपमध्ये झालं. दोघं सुखरूप आहेत. जीपचं बाराशे रुपये भाडं गटातून कर्ज काढून दिलं.

आता त्याच आवारात अंगणवाडी व्हायची आहे. ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत आम्ही म्हटलं, आधी खड्डा, मग अंदाजपत्रक. ‘बायका आता खड्डे मोजणार का?’ म्हणून पारावर हसले. आम्ही टेप घेऊनच गेलो. मुरूम नऊ फुटांवर लागला. तो आकडा ठरावात लिहून घेतलाय, खाली आमच्या सह्या आणि तिघींचे अंगठे आहेत.