पदवीविना परदेशात इंग्रजी अध्यापन

बारावीनंतर महाविद्यालय अर्ध्यावर सोडलेला, परंतु इंग्रजी उत्तम जाणणारा तरुण आज तालुक्याच्या गावीही आढळतो. सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तात्पुरते अध्यापन आणि सायंकाळी शिकवणीचे वर्ग, असा त्याचा दिनक्रम असतो. 'पूर्व आशियात इंग्रजी शिक्षकांना मोठी मागणी. पदवीची आवश्यकता नाही' अशी जाहिरात मोबाईलवर आली की त्याची आशा पालवते. घरची मंडळी शेत गहाण ठेवण्याची भाषा करू लागतात, आणि सल्ल्यासाठी येतात ती गावच्या गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे. त्या जाहिरातीचा पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्ध मात्र बहुतेक देशांच्या बाबतीत खरा नसतो.

शिक्षकाची निवड करते ती तेथील शाळा. कामाचा परवाना देते ते तेथील सरकार. शाळेच्या चालकास उमेदवार कितीही पसंत पडला, तरी परवान्याच्या अटी त्याला शिथिल करता येत नाहीत. जाहिरात देणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाच्या व्हिसासाठी पदवी अपरिहार्य आहे, आणि तोही सामान्यतः इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. चीनने 1 एप्रिल 2017 पासून देशभर एकच परवाना-पद्धती लागू केली. तीनुसार परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः स्वतःची मातृभाषा शिकवावी, तो पदवीधर असावा आणि त्याला दोन वर्षांचा अनुभव असावा. अध्यापनाचे प्रमाणपत्र असल्यास सूट मिळते ती अनुभवातून, पदवीतून नव्हे.

या प्रमाणपत्रांविषयी फार गैरसमज आहेत. केंब्रिजचा 'सेल्टा' हा किमान 120 तासांचा अभ्यासक्रम असून त्यात प्रत्यक्ष वर्गात सहा तास शिकवावे लागते. त्याच्या प्रवेशासाठी पदवी लागत नाही. अभ्यासक्रम चांगला आहे, त्याने शिक्षक घडतो. पण तो पदवीची जागा घेत नाही. घरबसल्या काही दिवसांत मिळणाऱ्या कागदांविषयी तर बोलावयासच नको.

पदवीवाचूनची वाट कायद्यातच ठेवलेली दिसते ती जपानमध्ये. तेथे शाळांतील शिक्षक आणि खाजगी भाषावर्गांतील शिक्षक यांच्यासाठी निवासाचे परवाने वेगवेगळे आहेत. शाळेत शिकवावयाचे तर पदवी किंवा त्या विषयाच्या अध्यापनाचा अधिकृत परवाना लागतो. शिवाय परकीय भाषा शिकविणाऱ्याने स्वतः त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्यास ही अट फार जाचक आहे. त्याने पुढे इंग्रजीत एम.ए. केले तरी बारा वर्षांचा हिशेब जुळणे अवघडच. खाजगी भाषावर्गांसाठी मात्र पदवी नसल्यास संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव चालतो. वेतन तेच काम करणाऱ्या जपानी माणसाइतके असावे, अशीही अट आहे.

हा अनुभव कागदावर सिद्ध व्हावा लागतो. कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत, कोणता विषय आणि कोणत्या नात्याने शिकविला, हे संस्थेच्या दाखल्यात स्पष्ट हवे. हजेरीपट व वेतनाची नोंद मागे असेल तर दाखला टिकतो. पुष्कळ खाजगी शाळा तात्पुरत्या शिक्षकास रोख रक्कम हाती देतात आणि नेमणुकीचे पत्र देत नाहीत. अशाने त्याची तीन वर्षांची मेहनत परवान्याच्या हिशेबात शून्य ठरते. उलट, ओळखीखातर मुख्याध्यापकांनी दिलेला वाढीव मुदतीचा दाखला उघडकीस आला, तर अर्ज फेटाळला जाऊन त्या तरुणाची पुढील वाटही बिकट होते.

व्हिएतनाममध्ये 2018 च्या नियमांनी भाषाकेंद्रांतील परदेशी शिक्षकासाठी पदवीखालची महाविद्यालयीन पदविकाही ग्राह्य मानली. सोबत अध्यापनाचे प्रमाणपत्र आणि, इंग्रजी मातृभाषा नसल्यास, वरच्या पातळीच्या भाषाज्ञानाचा पुरावा मागितला. कामाच्या परवान्याच्या अटी मात्र तेथे श्रमविषयक नियमांत स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत.

कंबोडियात पदवीचा आग्रह कमी आहे, म्हणून दलालांचा कल तिकडे. 'पर्यटक म्हणून चला, परवाना तेथे गेल्यावर काढू' असे सांगितले जाते. पर्यटक व्हिसावर काम करणे हा गुन्हा आहे, आणि धोका तेवढ्यावर थांबत नाही. नोकरीच्या आमिषाने कंबोडियात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामास जुंपलेल्या सुमारे 250 भारतीयांची सुटका करून त्यांना परत आणल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये सांगितले.

उत्प्रवास अधिनियम, 1983 प्रमाणे नोंदणीवाचून परदेशी भरतीचा व्यवसाय करता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. एजंटाच्या सेवाशुल्काची मर्यादा 30 हजार रुपये अधिक कर अशी आहे. चार-पाच लाख मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा. बहुधा बोलणे तेथेच संपते.

राहता राहिला पदवीचा प्रश्न. जपानसाठी लागणारा अनुभव तीन वर्षांचा, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवीही नोकरी सांभाळून तीन वर्षांत घेता येते. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. दूरशिक्षणाची पदवी त्या देशात ग्राह्य आहे किंवा नाही, हे प्रवेशापूर्वी त्या देशाच्या वकिलातीस लेखी विचारून घ्यावे, आणि उत्तराचा कागद जपून ठेवावा.