ब्रश कटरची टाकी आणि पडून राहिलेलं पेट्रोल



पावसाळा लागला की आपल्या ओझर परिसरात बांधावर आणि द्राक्षबागेच्या ओळींत गवत माजतं. आता बऱ्याच गटांकडे त्यासाठी ब्रश कटर आहे, पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप आहे. हंगाम सरला की ही यंत्रं कोपऱ्यात जातात. पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून हात भरून येतो, पण इंजिन चालू होत नाही. मग बैठकीत विषय निघतो, "शेवटी कुणी नेलं होतं?" पुष्कळदा दोष कुणा ताईचा नसतो, टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो.

आपलं पेट्रोल बदललं आहे. उसापासून, मक्यापासून, तांदळापासून इथेनॉल तयार होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. वीस टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण २०० मिली इथेनॉल. ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना त्याचा आधारच आहे. अडचण येते ती महिनोन् महिने पडून राहणाऱ्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाला.

पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ जसं ओलं होतं, तसं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळी इंधन ओढते ती तळातूनच. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण. ते पुरेसं पोचलं नाही की पिस्टन कोरडा घासतो आणि इंजिन जाम होतं. शिवाय जुन्या यंत्रांतल्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा इथेनॉलनं खराब होतो.

परदेशात यासाठी सीलबंद डब्यातलं इंधन वापरतात. त्यात इथेनॉल नसतं, ऑइल आधीच मिसळलेलं असतं आणि न उघडलेला डबा दोन वर्षं तरी टिकतो. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि पंपावरच्या पेट्रोलपेक्षा खूप महाग पडतं. रोजच्या कामाला त्याची गरजही नाही. मिळालं तर हंगामाच्या शेवटी टाकी रिकामी करून थोडंसं भरा, पाच मिनिटं यंत्र चालवा आणि मग ठेवा. घेताना डब्यावर तीन गोष्टी वाचून घ्या: इथेनॉल नाही असं लिहिलंय का, ऑइलचं प्रमाण आपल्या यंत्राच्या पुस्तकाशी जुळतं का, आणि तारीख काय. त्यात वरून ऑइल घालू नका. आणि पंपावरचं पेट्रोल "प्रीमियम" आहे म्हणून त्यात इथेनॉल नसेल, असं धरून चालू नका.

डबा मिळाला नाही तरी यंत्र वाचवता येतं. पेट्रोल ताजं आणि थोडं आणा. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिसळा. ऑइल टू-टीचंच हवं, आणि मापानं. पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजानं ओतू नका. कॅन घट्ट झाकणाचा आणि पेट्रोलसाठीचाच घ्या. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच ठेवू नका, घरात लेकरं असतात. तो कॅन चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा. इंजिन गरम असताना टाकी भरू नका. यंत्र ठेवून द्यायच्या दिवशी उरलेलं पेट्रोल काढून घ्या आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालू ठेवा.

गटाच्या वहीत यंत्रासाठी एक पान करा. कधी मिसळलं, किती ऑइल घातलं, टाकी रिकामी करून कुणी परत दिलं, एवढंच लिहा. यंत्र कर्जाच्या हप्त्यावर घेतलेलं असतं. ऐन गवताच्या दिवसांत ते बंद पडलं तर मजुरीही जाते आणि आपसातला विश्वासही. ही एका ओळीची नोंद दोन्ही राखते.