कुत्रा आपला, तर त्याचा दातही आपला

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, व्यसनमुक्ती, लग्नातला खर्च अशा विषयांवर आपण ऐकत आलो आहोत. यंदा समितीच्या बैठकीत आम्हाला विचारलं, तुमचा विषय काय? आम्ही म्हटलं, कुत्रा. बैठकीत हशा पिकला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, वर्धापनदिन आहे, काहीतरी चांगलं बोला." आम्ही म्हटलं, आपल्या चार गल्ल्यांत दर पाच-सहा घरांमागे एक कुत्रं आहे, आणि महिन्याकाठी कोणाचं ना कोणाचं त्यावरून भांडण आहे. मग हा समाजाचा विषय नाही तर कोणाचा?

आणखी एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. आपल्या जुन्या माणसांच्या मनात कुत्र्याविषयी एक सल आहे. १९२७ सालच्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याआधी त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, कुत्री-मांजरं पीत होती, फक्त आपल्या माणसाला मनाई होती. कुत्र्याला जे मिळतं ते आम्हाला नाही, हे ज्यांनी भोगलं, त्यांना कुत्र्याचे लाड बघून राग आला तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. पण त्या तळ्यावर मनाईचा हुकूम कुत्र्याने काढला नव्हता, एवढंही लक्षात असू द्या.

आता आमची गोष्ट. ही गोष्ट सांगायला आम्ही एका मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. आम्ही म्हणतो म्हणजे आम्ही उभयता. यात दोघांचाही वाटा आहे.

२०१४ सालच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याने भाजीच्या हातगाडीखालून एक पिल्लू उचलून आणलं. ओलंचिंब, कुडकुडणारं. नाव ठेवलं टायगर. पहिले दोन महिने घरात नुसता आनंद. मग ते मोठं झालं, चपला फाडू लागलं, तेव्हा आम्ही त्याला पॅसेजमध्ये सामाईक नळाशेजारी तीन फुटांच्या साखळीने बांधलं. दिवसभर तिथंच. रात्री दहानंतर मोकळं सोडायचं, म्हणजे ते बाहेर जाऊन आपलं उरकून येईल. कुठं उरकतं हे आम्ही कधी बघितलं नाही. खाणं म्हणाल तर उरलेली चपाती आणि कांद्याचा रस्सा. कांदा कुत्र्याला बाधतो, त्याच्या रक्ताला अपाय करतो, हे आम्हाला फार पुढे कळलं. आणि लस? लस दिलीच नव्हती. विचारलं कोणी तर आम्ही म्हणायचो, घरचं कुत्रं आहे, त्याला कशाला सुई? आता हसू येतं. रात्रभर उकिरड्यावर फिरणाऱ्या कुत्र्याला आम्ही घरचं म्हणत होतो!

त्याच दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या ताईंची मुलगी, वय वर्षे सात, नळावर कळशी घेऊन आली. टायगर तेव्हा ताटलीत तोंड घालून होता. मुलीने प्रेमानेच त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्याने वळून तिच्या मनगटाच्या वर चावा घेतला. दोन दात खोल गेले, रक्त आलं.

आम्ही धावत बाहेर आलो आणि पहिलं वाक्य काय बोललो असू? "पोरीनेच छेडलं असणार." सात वर्षांच्या लेकराला. मुलीच्या आजीने घाईघाईने जखमेवर चुना लावला. ताई कामावरून आल्या. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त विचारलं, "दादा, कुत्र्याला सुई दिलेली आहे ना?"

आणि आम्ही म्हटलं, "हो, दिलीय की."

मंडळी, पंचशील आपल्याला तोंडपाठ आहे. चौथं शील सकाळी म्हटलं असेल, आणि संध्याकाळी नळापाशी उभं राहून हे उत्तर दिलं. तो एक शब्द ऐकून ताई निर्धास्त झाल्या आणि हॉस्पिटलात गेल्याच नाहीत. एक रात्र गेली, दुसरी गेली. दुसऱ्या रात्री सौभाग्यवतींनी जेवण केलं नाही. अकरा वाजता त्या उठल्या, शेजारचं दार वाजवलं आणि खरं सांगून आल्या. आम्ही मागे उंबऱ्यातच उभे होतो, पुढं जायचं धैर्य झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

सकाळी सहाला आम्ही सगळे पालिकेच्या हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी आमची चांगली खरडपट्टी काढली. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही मनात पक्कं करून ठेवा. कुत्रं चावलं की सगळ्यात आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. साबणाने रेबीजचा विषाणू मरतो. चुना, हळद, मिरची, तेल, तंबाखू यातलं काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर सिरमही लागतं, ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. लस त्याच दिवशी सुरू होते, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात देण्याची पद्धत असेल तर चौदाव्या दिवशीही. जुन्या मंडळींना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. त्या भीतीने आजही कित्येकजण जात नाहीत. ती लस वापरातून जाऊन वीसेक वर्षं झाली! आताची सुई दंडाला घेतात. आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी चावल्यावर डॉक्टरांना दाखवायचंच, मालकाच्या शब्दावर राहायचं नाही. आमच्यासारखे मालक असतात.

कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ नाहीच. पाणी समोर धरलं की घशाला आचके येतात, वारा सहन होत नाही, आणि काही दिवसांत माणूस जातो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, तो वाचला. म्हणजे एकशे चाळीस वर्षं उपाय हाताशी आहे. तरी जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात लहान मुलं फार. मूल मार बसेल म्हणून सांगतच नाही की कुत्र्याने ओरबाडलं. घरी मुलांना एवढं सांगून ठेवा की कुत्रं चावलं तर कोणी रागावणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी टायगरवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. चावलेलं कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजतात. ते दहा दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. सकाळी उठून आधी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवायचं आणि बघत बसायचं. तो प्यायला की शेजारी जाऊन सांगायचं, "प्यायला". ताई काही बोलत नसत, मान हलवत. अकराव्या दिवशी टायगर नेहमीसारखा शेपूट हलवत उभा होता. मुलीच्या सुया पूर्ण झाल्या. ताईंनी मात्र वर्षभर आमच्याशी अबोला धरला, आणि तो आमच्या कमाईचाच होता.

पुढे आम्ही टायगरला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. लस दिली, नसबंदी केली, पालिकेचा परवाना काढला. साखळी सुटली, पट्टा आला. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवणं सुरू झालं. आणि आश्चर्य बघा, चपला फाडणं आपोआप थांबलं. तीन फुटांवर दिवसभर बांधलेला प्राणी चिडका होणार नाही तर काय होईल? आपल्याला दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलं तर आपण शेजाऱ्याशी कसे वागतो, ते आठवा.

आता फिरवण्यावरून घाणीचा विषय येतो, आणि इथं आम्ही जरा कडक बोलणार आहोत. कुत्रं बसलं की मालक आभाळाकडे बघतो. जणू ते कुत्रं त्याचं नाहीच! पलीकडच्या टॉवरमधली माणसंही आपली कुत्री आपल्याच गल्लीच्या तोंडाशी आणतात, कारण त्यांच्या आवारात बंदी आहे. पहाटे ती घाण कोण उचलतं? बहुतेक करून आपलाच माणूस, झाडू खात्यातला. ज्या समाजाला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला लावलं, त्या समाजातल्या माणसाने दुसऱ्याच्या हौसेची विष्ठा उचलायची, आणि आपल्यातल्याच कुत्रेवाल्यांनी तीत भर घालायची, हे आम्हाला पटत नाही. जुनं वर्तमानपत्र खिशात ठेवा, उचला, कचऱ्यात टाका. दोन मिनिटांचं काम आहे. त्या घाणीतून जंत लहान मुलांच्या पोटात जातात, आणि कुत्र्याच्या लघवीतून पावसाच्या साचलेल्या पाण्यात लेप्टो पसरू शकतो. उंदीर एकटाच गुन्हेगार नाही.

टॉवरचं निघालंच आहे म्हणून एक सावधगिरी. आपली काही पोरं सकाळी तिथली कुत्री फिरवायला जातात. काम प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा नाही. पण भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम म्हणतं की ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शब्द आहे "ताब्यातल्या". कुत्रं चावलं तर दोरी तुमच्या हातात असेल. म्हणून पोरांनो, पगार ठरवण्याआधी विचारा, लसीचं कार्ड कुठंय, तोंडाला बांधायची जाळी कुठंय? नाही म्हणाले तर हात लावू नका.

आणखी एक फॅशन. वाढदिवसाला पिल्लू. २००३ साली टीव्हीवर हचच्या जाहिरातीत चपट्या नाकाचं कुत्रं आलं, आणि घरोघर पग हवा झाला. चपट्या नाकाने त्याला उन्हाळ्यात श्वास घेता येत नाही, हे कोण बघतो! आता बर्फातले केसाळ हस्की मुंबईच्या घामात आणतात. हौस फिटली की रात्री रिक्षात घालून हायवेला सोडून येतात. मादी पिल्लांची तर गतच विचारू नका. मादी दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदा विऊ शकते. नसबंदीचा कंटाळा करायचा आणि मग पिल्लं पोत्यात भरून नाल्याकाठी. पहिलं शील म्हणताना आपण हात जोडलेले असतात, ते पोतंही त्याच हातांनी बांधलेलं असतं. रस्त्यावरची कुत्री वाढली म्हणून पालिकेच्या नावाने ओरडणाऱ्यांनी त्यातली किती आपल्या दारातून गेली हे मोजावं.

याच्यावर जातककथांत एक गोष्टच आहे, कुक्कुर जातक. काशीच्या राजाच्या रथाचं चामडं रात्री पावसात भिजलं आणि कुत्र्यांनी खाल्लं. राजाने हुकूम सोडला, नगरातली सगळी कुत्री मारा. फक्त राजवाड्यातली पाळीव सोडून. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा मुख्य, म्हणजे बोधिसत्त्व, थेट दरबारात गेला. त्याने राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ घालून पाजायला लावला. ओकारीबरोबर चामड्याचे तुकडे बाहेर पडले. मार बाहेरच्यांना, आणि चोर घरात! बाहेरचे आणि घरचे यांना दोन न्याय म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

आणि एक आपल्याच घरचं बोलतो, राग मानू नका. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपला डीजे लागतो तेव्हा बांधलेली कुत्री गळफास बसेपर्यंत ओढतात, सुटलेली वाट फुटेल तिकडे पळतात. दोन वर्षांपूर्वी तशीच पळालेली एक कुत्री गाडीखाली आली. आवाज थोडा कमी केला तर जयंती कमी होत नाही. घरी लहान बाळ आणि म्हातारी माणसंही असतात.

टायगर २०२३ च्या हिवाळ्यात म्हातारपणाने गेला. ज्या मुलीला तो चावला होता, ती आता कॉलेजात जाते. शेवटच्या महिन्यात त्याला उठवत नव्हतं, तेव्हा ती रोज येऊन त्याला वाटीने पाणी पाजायची. डाव्या मनगटाच्या वर तिच्या हाताला दोन पांढरे ठिपके आहेत. ती वाटी पुढे करायची तेव्हा आमची नजर तिथंच जायची.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ ते बारा विहाराच्या पटांगणात कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस देण्यात येईल. पशुवैद्यांशी बोलणं झालं आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालेलं असावं, मोठ्यांना दरवर्षी द्यावी लागते. येताना पट्टा घट्ट बांधून आणा, रागीट असेल तर तोंडाला जाळी किंवा मऊ कापड बांधा, आणि लहान मुलांच्या हाती दोरी देऊ नका. नावं आजच नोंदवायची आहेत. मागच्या टेबलावर वही घेऊन बसल्या आहेत त्या आमच्या शेजारच्या ताई. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारणार आहेत, आधी सुई दिलेली आहे का? दिली नसेल तर नाही म्हणून सांगा, त्या रागावणार नाहीत.

जयभीम. नमो बुद्धाय.