उपासनेतील मंडळीचा वाटा

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेविषयी कोठेही चर्चा निघाली की ध्वनियंत्रणा, पडद्यावर दाखवायची गीते, ड्रम आणि कीबोर्ड, तरुणांची रोडावलेली उपस्थिती, हेच विषय वारंवार पुढे येतात, आणि या परिषदेपुढे आलेले प्रश्नही त्याला अपवाद नाहीत. या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र निराळा आहे, तो असा की रविवारच्या त्या दीड तासात मंडळी, म्हणजे बाकांवर बसलेला विश्वासणाऱ्यांचा समुदाय, स्वतः काय करते. पाळकसाहेब बोलतात, क्वायर गाते, वडीलमंडळींपैकी कोणी सूचना वाचतो. उरलेले सारे उठतात, बसतात आणि ऐकतात. ज्या उपासनेत शेवटच्या बाकावरील माणसाला ऐकण्यापलीकडे काही काम उरत नाही, तिची शोभा कितीही वाढवली तरी ती सुधारत नाही, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन मार्टरने रविवारच्या एकत्र येण्याचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यात प्रेषितांच्या आठवणींचे अथवा संदेष्ट्यांच्या लेखांचे वाचन, अध्यक्षाचा बोध, सर्वांनी उभे राहून केलेली प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, त्यावरील उपकारस्तुतीला लोकांनी दिलेला ‘आमेन’ आणि अनाथ-विधवांसाठी गोळा केलेले दान, असा क्रम आढळतो. उपासनाक्रम, म्हणजे उपासनेतील अंगांची ठरलेली मांडणी, आज जवळजवळ सर्व पंथांत याच सांगाड्यावर उभा आहे. लक्षात घेण्याजोगे हे की त्या वर्णनात लोकांचे काम स्पष्ट नोंदलेले आहे आणि आमेन म्हणणे हे त्यांचेच काम आहे. (वाचन वेळ असेल तोवर चाले, असेही जस्टिन सांगतो, सूचनांच्या लांबीविषयी मात्र त्याने काही म्हटलेले नाही.) रोमन कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनाविधीविषयक संविधान मान्य केले आणि लोकांचा जाणीवपूर्वक व सक्रिय सहभाग हे त्या सुधारणेचे मुख्य सूत्र ठरवले. वसईच्या चर्चमध्ये लॅटिन मिस्सेच्या जागी मराठी मिस्सा आली ती या निर्णयामुळे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुढील अडचण भाषेची नव्हती, गाण्याची होती. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे केली आणि मूळ चालींवर ती गाण्याचा परिपाठ पाडला. पण इंग्रजी पद्य आघातावर चालते, तर मराठी पद्याची लय अक्षरांच्या संख्येवर किंवा ह्रस्व-दीर्घावर उभी असते, त्यामुळे चालीचा जोर ज्या ठिकाणी येतो तेथे पुष्कळदा शब्दातले दुबळे अक्षर येते आणि गाणाऱ्याला ते उगाच ताणावे लागते. यावर उपाय इथल्याच मातीत होता. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अहमदनगरच्या वास्तव्यात ओवी, अभंग आणि पदे यांची अशी संपदा निर्माण केली की तिच्यावाचून ‘उपासना संगीत’ हे मंडळ्यांचे गीतपुस्तक कल्पिताच येत नाही.

अभंगाची रचना या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि धृपद पुनःपुन्हा येते. म्हणणाऱ्याने ओळ टाकावी आणि मागच्यांनी ती उचलावी अशी त्याची रीत आहे. हाती पुस्तक नसलेला, किंबहुना अक्षरओळख नसलेला माणूसही दुसऱ्या कडव्याला गाऊ लागतो. समूहाने गाण्यासाठी घडलेले इतके सोयीचे साधन मराठी मंडळीच्या घरातच असताना ते सणासुदीच्या भजनापुरते राखून ठेवावे, ही उधळपट्टी म्हटली पाहिजे.

तरुणांना प्रिय असलेल्या नव्या स्तुतिगीतांना, ज्यांना सर्रास ‘वर्शिप’ म्हटले जाते, विरोध करण्याचे कारण नाही. त्यांतील कित्येकांची भाषा सोपी आणि भाव प्रामाणिक आहे. दोष आहे तो ती गाण्याच्या रीतीत. ध्वनिमुद्रणातील गायक स्वतःच्या गळ्याला मानवेल त्या पट्टीत, म्हणजे ज्या स्वराला षड्ज मानले त्या उंचीवर, गातो, आणि क्वायर ती पट्टी तशीच उचलते. मग तार सप्तकात चाल गेली की आधी म्हातारे आणि पुरुष गप्प होतात, पाठोपाठ इतर. गीत दोन-तीन पट्ट्या खाली उतरवणे, चाल बसेपर्यंत तेच गीत लागोपाठ तीन-चार रविवार घेणे आणि निदान एका कडव्याला वाद्ये थांबवून मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू देणे, एवढ्याने जे साधते ते महागड्या मिक्सरने साधत नाही.

ध्वनीचा प्रश्नही असाच उलट्या बाजूने सोडवला जातो. उंच छप्पर आणि दगडी भिंती असलेल्या जुन्या चर्चमध्ये अनुरणन, म्हणजे मूळ आवाज थांबल्यावरही भिंतींवरून परतत राहणारा नाद, बराच वेळ टिकतो. गायनाला तो साथ देतो, पण बोलण्यातली व्यंजने त्यात बुडतात. अशा वेळी आवाज वाढवला की अनुरणनही वाढते आणि शब्द अधिकच अस्पष्ट होतात. कर्णे लोकांजवळ आणून आवाज कमी ठेवणे व सावकाश वाचणे हा उपाय आहे. सावकाश वाचण्यासाठी उतारा आधी वाचलेला असावा लागतो, आणि शास्त्रपाठ देणाऱ्याला तो उपासना सुरू होताना हाती देण्याची प्रथा येथेच नडते. चार दिवस आधी उतारा मिळाला, एकदा मोठ्याने वाचून घेतला, विशेषनामे नीट उच्चारली, तर जुन्या करारातील वंशावळही ऐकवते. मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी महिला संघाने किंवा संडेस्कूलच्या मोठ्या मुलांनी आळीपाळीने विषय आणावेत आणि प्रत्येक विषयाअंती सर्वांनी ठरलेले प्रत्युत्तर म्हणावे, ही जुनीच रीत आहे. उपदेशाच्या लांबीविषयी पाळकवर्गाशी वाद घालण्याचे हे स्थान नव्हे.

एक काम मात्र तातडीचे आहे. बहुतेक घरांतील गीतपुस्तकात केवळ शब्द छापलेले असतात. चाली वृद्ध भजनकऱ्यांच्या आणि पेटीवाल्यांच्या स्मरणात आहेत, आणि एकाच पदाच्या नगर, नाशिक, सोलापूर या भागांतील चालींत भेद असणे स्वाभाविक आहे. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता प्रत्येक मंडळीने आपल्याकडील जुन्या गाणाऱ्यांना बसवून, साध्या मोबाइलवर का होईना, या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, त्यांचे स्वरलेखन करून घ्यावे, आणि ती प्रत आपल्या तरुण संघाकडे सोपवावी.