पायांची धमनी आणि स्टेंटचा निर्णय



घाटकोपर वा बोरिवली स्थानकाचा पूल चढताना कित्येक ज्येष्ठांची मांडी किंवा पोटरी भरून येते. क्षणभर थांबताच वेदना शमते. ‘वय झाले’ म्हणून ती दुर्लक्षिली जाते. पुष्कळदा ओटीपोटातून पायाकडे जाणारी धमनीच अरुंद झालेली असते. तंबाखू आणि मधुमेह ही त्याची प्रमुख कारणे होत.

१९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील धमनी आतून नळी सरकवून रुंद केली. ती वृद्धा पुढे स्वतःच्या पायांनी चालली! फुगा आणि स्टेंट त्यानंतरचे.

आता प्रश्न असा, की ओटीपोटातील धमनीत सर्वांनाच स्टेंट बसवावा, की प्रथम फुग्याने रुंदावून, रक्तदाबातील तफावत उरली तरच बसवावा? नेदरलँड्समध्ये २७९ रुग्णांत ही तुलना झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटात केवळ ४३ टक्के रुग्णांना स्टेंट लागला. तरीही दोन वर्षांनंतरचे फल दोन्हीकडे सारखेच होते. उपचाराचा खर्च स्वतः सोसणाऱ्या कुटुंबाने डॉक्टरांना हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

अर्थात, धमनी पूर्ण बंद असेल तर थेट स्टेंटकडेच कल असतो. गुडघ्यामागे मात्र सांध्याच्या हालचालीने स्टेंट मोडण्याचा धोका असल्याने तो शक्यतो टाळला जातो.

केवळ चालताना दुखत असल्यास आधी तंबाखू सोडणे, औषधे आणि नियमित चालणे. विश्रांतीतही पाय दुखू लागला, जखम भरेना किंवा बोट काळवंडले, तर मात्र एक दिवसही दवडू नये.