पट्टी, जकात आणि टोल

घरपट्टी ज्याच्या नांवें येते त्यानेंच ती भरावयाची. हा प्रत्यक्ष कर. जकातीचें तसें नव्हतें. कोल्हापूरच्या नाक्यावर व्यापारी ती भरी आणि मालाच्या किंमतींत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल करी. हा अप्रत्यक्ष कर गरिबास दिसतहि नसे.

टोल याहून निराळा. तो एकाच रस्त्याच्या खर्चापोटीं, त्या रस्त्यानें जाणाऱ्याकडून घेतात. आपल्याच गांवांत शिरावयास दाम कां मोजावा, असें म्हणून कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर 2015 मध्यें टोल रद्द झाला. विजय मोठाच, पण रस्ते तर झालेले होते! त्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीवर पडला, आणि ती भरते मुख्यतः करांनीं. कोल्हापूर कधीं न पाहिलेल्या गडचिरोलीच्या शेतमजुरानेंहि साबणाची वडी घेतांना त्यांतला आपला वांटा दिला.